सामानगडचा म्हातारा गडकरी

गडकरी हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल. ते कशावरून पडलं? गडावर राहून जो गड राखतो, तो गडकरी. आपल्या कोल्हापूरच्या मुलखात पन्हाळा, पावनगड, विशाळगड, भुदरगड, रांगणा, सामानगड असे पुष्कळ किल्ले आहेत. त्या किल्ल्यांवर गडकऱ्यांच्या पिढ्या गेल्या.

राजांची नावं आपण रोज घेतो. सरदारांचे पोवाडे गातो. पण थंडीवाऱ्यात तटावर उभा राहिला, तो साधा शिपाई. तो कसा जगला आणि त्याचा शेवट कसा झाला, ते आज वाचू या.

गडाची चाकरी

शिवाजी महाराजांनी किल्ल्यांचा कारभार नीट घालून दिला होता. सगळा किल्ला एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदाराकडे पहारा आणि दरवाजाच्या चाव्या. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब. कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. दिवस मावळला की दरवाजा बंद. मग कुणीही येवो, सकाळपर्यंत तो उघडायचा नाही. गडाखालच्या रानावर रामोशी, महार, मांग, बेरड नजर ठेवीत. अठरापगड जातींच्या माणसांनी मिळून गड राखला.

या चाकरीबद्दल गडकऱ्याला गडाजवळची जमीन मिळे. तिच्यावर सारा नसे. बाप थकला की मुलगा पहाऱ्यावर जाई. जमीनही बापामागून मुलाकडे येई. म्हणजे ती जमीन हाच त्याचा पगार. तीच त्याची भाकरी, तोच त्याचा मान, आणि तीच त्याच्या म्हातारपणाची काठी.

लढाया थांबल्या

आता सामानगडावरचा एक गडकरी डोळ्यांपुढं आणा. हा किल्ला गडहिंग्लज तालुक्यात आहे. प्रतापराव गुजर पडले, ती नेसरी याच तालुक्यातली. आपला गडकरी १८४४ साली साठीचा आहे असं धरू.

तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता, तेव्हा १७९९ साली पट्टणकुडीला लढाई झाली. कोल्हापूरच्या फौजेशी लढताना परशुरामभाऊ पटवर्धन तिथं पडले. मग पटवर्धनांनी चिडून कोल्हापूरला वेढा घातला. असा तो काळ होता. गावोगाव तलवार लागत होती, म्हणून तलवार धरणाऱ्याला किंमत होती.

१८१२ साली कोल्हापूरच्या राजानं इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या संमतीशिवाय कुणाशी लढाई करायची नाही, असं ठरलं. लढाया कमी झाल्या. रयतेला ते बरंच झालं. पण जुन्या शिपायाचं काय? लढाई असते तोवर शिपाई हवा असतो. ती संपली की त्याचा खर्च डोळ्यांत येऊ लागतो. हे जगभर असंच चालत आलं आहे.

हुकूम आला

१८३८ साली शहाजी महाराज ऊर्फ बुवासाहेब वारले. गादीवर लहान मुलगा आला. पुढं इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. राज्याचा वसूल नीट यावा म्हणून पंडितांनी कारभारात फेरबदल सुरू केले.

गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था तोवर गडावरच्या कचेरीतून चाले. आता ती मामलेदाराच्या हाती गेली. कागदावर पाहिलं तर बदल लहानसा. एका कचेरीतलं काम दुसऱ्या कचेरीत गेलं, एवढंच. पण गडकऱ्याच्या मनात धस्स झालं. आज दप्तर गेलं, उद्या जमीन जाईल! हातची चाकरी सुटली तर पोरं काय खातील?

अशा वेळी माणसाला जवळ बसवून समजावून सांगावं लागतं. नुसत्या हुकुमानं भीती जात नाही, वाढते.

दरवाजा बंद झाला

१८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजा लावून घेतला. शत्रूला अडवणारा दरवाजा त्यांनी सरकारला अडवायला लावला. भुदरगडही उठला. सप्टेंबरात बेळगावहून इंग्रजांची फौज आली. जनरल डेलामोट तिचा सेनापती झाला. गडकरी हटेनात. अखेर १३ ऑक्टोबर १८४४ रोजी फौजेनं हल्ला करून सामानगड घेतला.

तोवर आग कोल्हापूर शहरात पोचली होती. तिथं बाबाजी अहिरेकर पुढारी झाले. ओव्हान्स नावाच्या बड्या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी वाटेत धरलं आणि पन्हाळ्यावर नेऊन कोंडलं. पुढं त्याची सुटका झाली. इंग्रजी तोफा पन्हाळ्यावर धडाडल्या आणि १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळाही पडला.

तोफांपुढं जुन्या बंदुका आणि तलवारी किती टिकणार? कितीक गडकरी पडले, कितीक कैद झाले, कितीक रानोमाळ झाले. आपला साठीचा गडकरी यांतलाच एक.

काय उरलं?

बंड मोडल्यावर किल्ले निकामी करण्यात आले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच पाडला गेला. गडकऱ्यांची पिढीजात चाकरी संपली. आणि ही फौज आणायला जो खर्च आला, तो इंग्रजांनी कोल्हापूरच्याच माथी कर्ज म्हणून मारला. म्हणजे तो शेवटी रयतेच्या खळ्यातून निघायचा.

जे वाचले, ते गड उतरून खाली आले. काल ज्याच्या हाती भाला होता, त्यानं आज नांगर धरला. कुणी दुसऱ्याच्या बांधावर राबला. कुणाचं आडनाव तेवढं गडकरी राहिलं.

या बंडाला इतिहासात गडकऱ्यांचं बंड म्हणतात. १८५७ च्या उठावाच्या तेरा वर्षं आधीचं हे बंड. ते कुठल्या गादीसाठी झालं नाही. कष्टानं मिळवलेली भाकरी हातची जाऊ नये, एवढ्यासाठी झालं.

आपल्या जिल्ह्यातून आजही पुष्कळ जवान सैन्यात जातात. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर लोक सैनिक टाकळीच म्हणतात. पेन्शनला लागणारी नोकरी पुरी करून जवान घरी परततो, तेव्हा त्याला पेन्शन मिळतं. त्याचं नाव, नोकरीची वर्षं, बायकोचं नाव, सारं कागदावर असतं. अडचण आली तर जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं जाऊन विचारता येतं.

सामानगडच्या म्हाताऱ्याला असं विचारायला जागा नव्हती. म्हणून त्यानं दरवाजा लावला. तुमच्या घरी कुणी माजी सैनिक असेल, तर त्याचे कागद आज काढा. त्याच्याजवळ बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचा. नाव बरोबर आहे का, वारसाचं नाव लागलं आहे का, ते पाहा.

आणि कधी सामानगडावर गेलात, तर तटाजवळ थोडं थांबा. तिथं एक म्हातारा रात्र रात्र जागला होता.