जुन्या डिझेल एंजिनांसाठी वंगणतेलाची निवड : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

गोंदिया जिल्ह्यातील धान राईस मिलपर्यंत आणणे व तांदूळ बाहेर नेणे ही कामे पुष्कळ अंशी जुने ट्रॅक्टर व ट्रक करीत असतात. लाखो किलोमीटर धावलेल्या अशा एंजिनात महागडे संश्लेषित, म्हणजे बाजारात ‘सिंथेटिक’ म्हणून ओळखले जाणारे, तेल घालणे कितपत युक्त आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ या संज्ञेतील पहिला अंक थंडीतील वर्तनाचा, तर दुसरा तप्त स्थितीतील श्यानतेचा (दाटपणाचा) निदर्शक होय. एंजिन सुरू करतेवेळच्या श्यानतेची चाचणी १५डब्ल्यू तेलाबाबत उणे २० अंश सेल्सिअसला, तर ५डब्ल्यू तेलाबाबत उणे ३० अंशांस घेतात. गोंदियाची कडाक्याची पहाटही शून्याच्या पुष्कळ वर असते. सबब संश्लेषित तेलाचा सर्वाधिक वाखाणला जाणारा गुण येथे निरुपयोगी ठरतो. उलट १०० अंशांस दोन्ही तेलांची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स या एकाच मर्यादेत असावी लागते. बेअरिंगमधील तीव्र कर्तनात, १५० अंशांस, १५डब्ल्यू-४० कडून किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद श्यानता अपेक्षित असते. ५डब्ल्यू-४० ला ३.५ पुरते. झिजून फटी रुंदावलेल्या एंजिनास हा अल्प फरकही उपकारकच म्हणावा लागेल.

याचा अर्थ संश्लेषित तेल निर्गुण आहे असा नव्हे. त्याचे ऑक्सिडीकरण मंद असते, बाष्पीभवन कमी होते. मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात भार ओढणाऱ्या सुस्थितीतील एंजिनास हे गुण मोलाचे होत. परंतु त्यांचे मोल वसूल होते ते तेल दीर्घकाळ टिकले तर. पिस्टनच्या रिंगा झिजलेले एंजिन तेल जाळते, आणि रिंगांवाटे उतरणारी काजळी उरलेले तेल लवकर दूषित करते. दर काही दिवसांनी वरून तेल ओतावे लागणाऱ्या ट्रकमध्ये संश्लेषित तेल घालणे म्हणजे महाग इंधन जाळणेच होय! संश्लेषित तेलाने गळती सुरू होते हा समज मात्र आता बव्हंशी कालबाह्य आहे; जुन्या गाळाने बुजलेली फट तेलातील मलशोधक द्रव्याने मोकळी झाली, तर दोष मूळच्या सीलचा असतो.

एपीआय संस्थेने डिसेंबर २०१६ पासून सीके-४ व एफए-४ हे वर्ग अमलात आणले. पैकी एफए-४ हे पातळ तेल नव्या रचनेच्या विशिष्ट एंजिनांसाठी असून जुन्यांत ते कदापि घालू नये. एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षांश १० इतकी खाली आली. भारत स्टेज-३ मध्ये ती ३५० होती. त्यामुळे आम्ल निष्प्रभ करण्यासाठी तेलात अल्कतेचा फार मोठा साठा असण्याची निकडही उरलेली नाही.

तेलाच्या चर्चेत सहसा न येणारी एक बाब या जिल्ह्यात निर्णायक आहे. धानाच्या कोंड्याची सुमारे पंचमांश राख होते आणि त्या राखेत बहुतांश सिलिका असते. मिलच्या आवारात कोंड्याची धूळ व बॉयलरची राख हवेत तरंगत असते. एअर फिल्टर फाटका असल्यास हे कण सिलिंडरच्या भिंती घासून काढतात. त्यावर कोणतेही तेल उपाय नव्हे. वापरलेल्या तेलाच्या पृथक्करणात सिलिकॉन व लोह बरोबरीने वाढलेले आढळले, तर तेलाचा प्रकार बदलण्यापूर्वी फिल्टर व त्याच्या नळीचे सांधे तपासावेत.