पीथमपूरचा वेगपथ आणि आमचे रस्ते

इंदूरचे नाव घेतले की आमच्या मराठी वाचकांना होळकरांचा राजवाडा आठवतो, पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण होते आणि माळव्याच्या काळ्या मातीत पिढ्यानुपिढ्या रुजलेल्या मराठी घराण्यांची आठवण येते. आज मात्र आम्ही वाचकांस त्याच शहराच्या शेजारी असलेल्या एका निराळ्या स्थळी नेणार आहोत. तेथे मंदिर नाही, किल्ला नाही, बाजारही नाही. आहे तो केवळ एक रस्ता, आणि तो रस्ता कोणत्याही गावाला जात नाही!

धार जिल्ह्यातील पीथमपूर हे कारखान्यांचे गाव. तेथे केंद्र सरकारने मोटारींच्या चाचणीसाठी ‘नॅट्रॅक्स’ या नावाची संस्था उभारली आहे. तिच्या आवारातील अतिवेगाच्या पथाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन अवजड उद्योगमंत्री श्री. प्रकाश जावडेकर यांनी केले. हा पथ लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी ११.३ किलोमीटर व रुंदी १६ मीटर आहे. आशियातील सर्वांत लांब वेगपथ अशी त्याची ख्याती आहे. ताशी २०० किलोमीटर गतीने धावणारी मोटार एक फेरी पुरी करून साडेतीन मिनिटांच्या आत मूळ जागी परत येते.

एवढ्या गतीने वळण घेताना मोटार बाहेर फेकली कशी जात नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. याचे उत्तर आमच्या वाचकांनी जत्रेत पाहिलेले आहे. ‘मौत का कुआँ’ या खेळात मोटारसायकलस्वार लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून गरगर फिरतो. त्याची गतीच त्याला भिंतीशी दाबून धरते. पीथमपूरच्या पथाची दोन्ही वळणे याच तत्त्वावर बाहेरच्या बाजूस उंच उचललेली आहेत. तेथे ताशी २५० किलोमीटर गतीने जाणाऱ्या मोटारीवर बाजूला ओढणारा जोर जवळजवळ उरत नाही, अशी त्यांची रचना आहे.

हा पथ मुख्यतः कारखान्यांच्या उपयोगाचा आहे. परंतु नव्या मोटारींचे अनावरण आणि वेगवान मोटारींचे कार्यक्रम यांसाठीही तो वापरता येईल, असे सरकारने उद्घाटनाच्या वेळीच सांगितले होते. ज्यांच्यापाशी स्पोर्ट्स कार आहे अशा हौशी मालकांची मंडळे आता आपल्या देशातील अनेक शहरांत आहेत. असे मंडळ एखादा बंदिस्त पथ एका दिवसापुरता भाड्याने घेते आणि सभासद आपापल्या मोटारी तेथे मनसोक्त पळवितात. यास ते ‘ट्रॅक डे’ म्हणतात. श्रीमंतांची ही चैन आमच्या साध्याभोळ्या वाचकांपुढे कशासाठी मांडावयाची? याचा खुलासा लेख वाचता वाचता होईल, अशी आम्हांस आशा आहे.

होळकरांची मोटार

इंदूरला या हौसेची परंपरा नवी नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) हे मोटारींचे मोठे दर्दी होते. माणिकबागेचा आधुनिक राजवाडा बांधून घेणारे हेच ते महाराज. त्यांनी अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कारखान्याची ‘एस. जे.’ जातीची मोटार घेतली आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर कंपनीकडून खास बनवून घेतला. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे कारखाना सांगत असे. मोटारीचा रंग भगवा व काळा होता. ही गोष्ट १९३५–३६ सालच्या सुमाराची आहे.

तथापि अशी शक्ती मोकळी सोडण्यासाठी खास बांधलेला पथ त्या काळी हिंदुस्थानात नव्हता. पुढे मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या. त्याच शहराजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० साली कायमचा पथ झाला. २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध आंतरराष्ट्रीय पथ तयार झाला व २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. महाराजांच्या मोटारीनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी इंदूरच्या अंगणी असा पथ आला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वेगाला कुंपण का घालावे लागले?

मोटार जन्मास आली तेव्हा शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरच होत. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदकडे अशी एक शर्यत निघाली. धुळीचे लोट, रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली माणसे, मध्येच आडवी येणारी जनावरे! मार्सेल रेनो या प्रसिद्ध मोटारकर्त्यासह अनेकांचे प्राण गेले आणि फ्रेंच सरकारने बोर्डो शहरी ती शर्यत थांबविली. त्याच वर्षी इंग्लंडने रस्त्यावरील गतीची मर्यादा ताशी २० मैल अशी कायद्याने ठरविली. मग वेगाच्या भोक्त्यांनी जावे कोठे? ह्यू लॉक किंग या जमीनदाराने १९०७ साली आपल्या स्वतःच्या जमिनीवर ब्रुकलँड्स येथे उंच वळणांचा पथ बांधला. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला तो जगातील पहिला मोठा पथ होय.

पथ बांधला म्हणजे धोका संपला असे मात्र नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथील शर्यतीत एक मोटार उसळून प्रेक्षकांच्या बाजूस कोसळली व ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. या आघातानंतर प्रेक्षक आणि पथ यांमधील अंतर, कठडे, इशाऱ्याची व्यवस्था या सर्वांचा नव्याने विचार झाला. आज पथावर जे नियम जाचक वाटतात, त्यांतील बहुतेकांची किंमत कोणीतरी प्राणांनी चुकविलेली आहे.

पहिल्या दिवसाचा पाठ

आता ट्रॅक डेची रीत पाहू. प्रथमच पथावर आलेल्या मालकाची समजूत अशी असते की आज कोणी अडविणार नाही, आज मी राजा! परंतु सकाळी प्रथम त्याला वर्गात बसावे लागते. झेंड्यांची भाषा शिकविली जाते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कोणासही ओलांडू नका. निळा म्हणजे मागून अधिक वेगवान मोटार येत आहे, तिला वाट द्या. लाल म्हणजे फेरी बंद, सावकाश परत फिरा. काळ्यापांढऱ्या चौकटींचा म्हणजे वेळ संपली. त्यानंतर मोटारीची तपासणी होते. टायर, ब्रेक, चाकांचे नट पाहतात. आतील पाण्याची बाटली, छत्री, सुटे सामान, सारे बाहेर काढावयास लावतात, कारण ब्रेक दाबताच एखादी साधी बाटलीही घरंगळत पायाखाली येऊ शकते. शिरस्त्राण आणि पट्टा यांवाचून कोणालाही आत सोडीत नाहीत, मग तो कितीही मोठा असामी असो.

पहिल्या फेऱ्या एका जाणत्या चालकाच्या मागे, हळू गतीने होतात. ही शर्यत नव्हे. येथे बक्षीस नाही आणि पहिला-दुसरा क्रमांकही नाही. पुढच्याने हात दाखवून वाट दिल्याखेरीज त्याला ओलांडावयाचे नाही. असा दोन-तीन फेऱ्यांचा सराव झाला की नवख्याच्या ध्यानी एक गोष्ट येते. वेग वाढविणे सोपे आहे, त्याला पायाच्या एका दाबापलीकडे काही लागत नाही. खरी विद्या आहे ती वेग उतरविण्याची. वळण येण्यापूर्वीच, सरळ रेषेत असताना ब्रेक लावावा, वळणात मोटार शांत ठेवावी आणि वळण उघडल्यावर पुन्हा हळूहळू गती द्यावी. जो वळणात शिरून घाबरतो व तेथे जोराने ब्रेक दाबतो, त्याची मोटार त्याचे ऐकत नाही.

आणखीही एक धडा मिळतो. पुनःपुन्हा दाबल्यामुळे ब्रेक तापतात. ते अति तापले की पाय दाबूनही मोटार पूर्वीसारखी थांबत नाही. म्हणून शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निववावे लागतात. कोट्यवधी रुपयांची मोटारसुद्धा दमते! हे ज्याने एकदा अनुभवले, तो माणूस सायंकाळी घरी परतताना रस्त्यावर अधिक सावधपणे मोटार हाकतो. त्याच्या आनंदात आता आपल्या मर्यादेची ओळख मिसळलेली असते.

गणित सोपे आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर गतीने जाणारी मोटार कोरड्या चांगल्या रस्त्यावर या सेकंदासह साधारण २८ मीटरांत थांबते. गती १०० केली की हे अंतर दुप्पट होऊन भागत नाही. ते सुमारे ८४ मीटर होते. ताशी २०० गतीस ते २८० मीटरांपर्यंत जाते. पथावर पुढची २८० मीटर जागा मोकळी राखलेली असते. आमच्या गावच्या रस्त्यावर तेवढ्या अंतरात शाळा येते, विहीर येते आणि रविवारी मिस्साहून परतणारी वृद्ध माणसेही येतात.

आमच्या गावाशी याचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे तोच अहवाल सांगतो. दुचाकीवरील मृतांची संख्या ७४,८९७ होती. शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ जणांचा त्या वर्षी अंत झाला. यांत कोणाचा थोरला मुलगा असेल, कोणाचा नुकता नोकरीस लागलेला भाऊ असेल. स्पोर्ट्स कार आमच्या गल्लीत येत नाही हे खरे; परंतु वेगाची नशा मोटारसायकलवर बसून केव्हाच आलेली आहे.

वेगवान मोटार अयोग्य जागी आली तर काय होते, हे १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. मध्यरात्रीनंतर भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीला धडक दिली व मध्य प्रदेशातून पोटासाठी पुण्यास आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, प्राणांस मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. न्यायनिवाडा न्यायालय करील. परंतु ज्या प्रांतात वेगासाठी असा निर्धोक पथ उभा राहिला, त्याच प्रांतातील दोन घरांचे दिवे पुण्याच्या उघड्या रस्त्यावर विझावेत, ही गोष्ट कोणाच्याही काळजास चटका लावणारी आहे.

आमच्या पूर्वजांना वेगाचे वावडे नव्हते. बैलगाडा शर्यत, शंकरपट हे आपल्या मातीतलेच खेळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली व मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. या खेळासाठी घाट किंवा माळ राखलेला असतो, आरंभाची व शेवटाची रेषा असते, पंच असतात. कोणी शहाणा शेतकरी आपली जोडी भर बाजारपेठेतून उधळवील काय? पहिलवान आखाड्यात लढतो, वाटेने चालणाऱ्याला पाडून आपली ताकद दाखवीत नाही. मग मोटारसायकलीच्या बाबतीतच आमच्या तरुणांचा हा विवेक कोठे जातो?

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. कोणी म्हणेल, ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला पीथमपूरचा पथ आहे. आमच्या पोराला कोणता पथ आहे? खरे आहे. गरिबाच्या मुलाला रस्त्यावाचून दुसरी जागा नाही आणि ही उणीव सरकारने व समाजाने भरून काढली पाहिजे. परंतु त्या पथावरचा जो मुख्य पाठ आहे, त्याला अकरा किलोमीटरांची गरज नाही. गावचे मोकळे मैदान पुरे. रविवारी दुपारी एखाद्या जाणत्या चालकाने चार तरुणांना तेथे न्यावे. हळू गतीने येऊन ठरलेल्या रेषेवर थांबण्यास शिकवावे, मग गती थोडी वाढवून तेच पुन्हा करावे व प्रत्येक वेळी अंतर पावलांनी मोजावे. पुढचा व मागचा ब्रेक एकत्र कसा लावावा, ओल्या जमिनीवर चाक कसे सरकते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे. शंभर उपदेशांनी जे साधत नाही ते मोजलेली पंधरा पावले साधतील.

आईबापांनाही दोन शब्द. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देणे हे लाड नव्हेत. २०१९ सालच्या दुरुस्त कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु दंडाच्या भीतीने नव्हे, तर मुलाच्या मायेने किल्ली खुंटीवर राहावी, अशी आमची अपेक्षा आहे. लग्नाच्या वरातीत, सणाच्या रात्री, मित्रांच्या आग्रहाखातर ती खाली उतरते. तेव्हाच घरातल्या वडीलधाऱ्यांनी खंबीर राहिले पाहिजे.

पीथमपूरला जाणाऱ्या हौशी मालकांचा आम्हांस हेवा वाटत नाही. त्यांनी आपल्या छंदासाठी योग्य जागा शोधली, नियम मानले आणि सायंकाळी हसतमुखाने घर गाठले, हे चांगलेच झाले. आमच्या तरुणांनीही येत्या रविवारी मैदानावर जाऊन एवढेच पाहावे, की आपली गाडी किती पावलांत थांबते. आणि घरी येऊन तो आकडा आईला सांगावा.