अळवाचं पाणी

मार्चमध्ये लेकीचा फोन आला. ती इंग्लंडात, लीड्सला असते. "बाबा, शेजारच्या आजींनी कुंपणावरून एक गड्डा दिलाय. रूबार्बचा. तांबडे लांब दांडे, वर अळवासारखी मोठी पानं. दांडे साखर घालून शिजवायचे, पानं मात्र विषारी. कापड्याला लागेल का हो?"

नाही लागणार. रूबार्बला हिवाळ्यात कडाक्याची थंडी हवी. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापड्यात थंडी म्हणजे पहाटे गोधडी ओढून घेण्यापुरती. लेकीच्या भागात मात्र या भाजीचं मोठं प्रस्थ. लीड्स-वेकफील्ड पट्ट्यात हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये ती वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, म्हणजे दांडे कोवळे राहतात. पानांचं विष हे काही बाऊ करणं नव्हे. पहिल्या महायुद्धात टंचाई होती म्हणून ब्रिटनमध्ये लोकांना ही पानं भाजी म्हणून खायला सुचवलं गेलं, आणि त्यातून विषबाधा झाल्या. पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं.

कुळ पाहिलं तर रूबार्ब अळवाचा कुणीच नव्हे. तो आपल्या आंबट चुक्याचा भाऊबंद. पण अळवातही तेच आम्ल, कॅल्शियमशी बांधलेलं, सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात. घसा खवखवतो तो त्या सुयांनी. म्हणून तर आपल्याकडे अळवाला चिंच, आमसूल नाहीतर चुका लागतोच. फतफत्यात अळू आणि चुका शेजारी बसवणाऱ्या बाईला रसायनशास्त्र कुणी शिकवलं असेल?

लेकीला हे सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती इथे सांगतो.

कापड्याच्या घरामागे, मोरीचं पाणी जिथे जाई तिथे, आईनं लावलेलं अळू होतं. काळ्या देठाचं वडीचं एका अंगाला, हिरव्या देठाचं भाजीचं दुसऱ्या अंगाला. खत म्हणजे चुलीतली राख आणि शेण. पाणी म्हणजे खरकटी भांडी विसळलेलं. आईमागे वहिनींनी ते सांभाळलं. दादा गेल्यावर त्या एकट्याच गावी राहतात. आमच्याकडची बहुतेक घरं अशीच, माणसं मुंबईत आणि दाराला कुलूप नाहीतर एखादी म्हातारी.

चार वर्षांपूर्वी मी हौसेनं वहिनींना मोरी बांधून दिली. फरशी, नळ, जमिनीखालून पाईप आणि मागे शोषखड्डा. मुंबईत बसून फोनवर गवंड्याला सूचना दिल्या. खड्डा त्यानं नेमका अळवात खणला. कडेचे कंद वाचले होते, ते पुढच्या वैशाखात सुकले, कारण पाणी आता पाईपातून जात होतं.

मला हे कळलं ते गणपतीत. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू अगदी नावापुरतं होतं. ज्या घरातून अर्ध्या आळीला त्या दिवशी अळू जायचं, तिथे विकतची जुडी. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पाणीच नाही हो भाऊजी तिकडं आता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढा खर्च केलात."

बँकेत असताना विहिरींच्या आणि पंपांच्या कर्जाचे शेकडो अर्ज मी तपासले. प्रत्येकाला पहिला प्रश्न असायचा, पाण्याची सोय काय? शाखेत त्यावरून माझी टिंगलही व्हायची. स्वतःच्या घरी तो प्रश्न मला सुचला नाही.

पुढच्या ज्येष्ठात आठवडाभर जाऊन राहिलो. भांडी घासायच्या जागेचा पाईप वेगळा काढून परसात सोडला. न्हाणीचं साबणाचं पाणी गेलं खड्ड्यात. कंदांचा प्रश्न होता. वहिनींनी वरच्या आळीतल्या काकूंकडे निरोप धाडला. काकूंनी टोपलीभर मुनवे आणून ओतले आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचंच आहे हे. माझ्या लग्नाच्या वर्षी दिलेलं."

लावणीत माझी फारशी मदत झाली नाही. वहिनी सांगत होत्या, मी खणत होतो. दोन कंदांत हात-दीड हात अंतर. कोंब वर राहील एवढंच खोल. पानं काढायची ती बाहेरची, मधली दोन-तीन ठेवायची. दोन वर्षांनी गड्डे उकरून वेगळे करायचे, नाहीतर दाटी होऊन पानं बारकी येतात. संततधार लागली की पानांवर तपकिरी, ओलसर डाग पडतात. ती पानं लगेच कापून लांब टाकायची. पानाखाली अळ्या दिसल्या तर हातानं वेचायच्या. "आणि मळताना हात खाजले तर आमसूल चोळा," हे मला उद्देशून, कारण मी आधीच खाजवत होतो.

यंदा अळू कंबरेएवढं झालंय. काकूंकडे पहिली जुडी गेली.

ऑगस्टमध्ये लेकीनं रूबार्बचा फोटो पाठवला. तिकडच्या आजींनी तिला बजावलंय, पहिल्या वर्षी एकही दांडा तोडायचा नाही, मुळं धरू द्यायची. नंतरही सुरी लावायची नाही, दांडा हातानं पिळून ओढायचा. आणि काही वर्षांनी गड्डा फोडून कुणाला तरी द्यायचा.

मी फोन वहिनींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"पानं पिवळी पडलीत कडेला," त्या म्हणाल्या. "राख घाल म्हणावं."