दुसरा क्रमांक, १०७ गुण

नॉट्स काउंटीने २०२२-२३ च्या मोसमात ४६ सामन्यांत १०७ गुण मिळवले, ११७ गोल मारले, आणि हरले ते फक्त तीन वेळा. एवढं करूनही वरच्या लीगचं दार काही थेट उघडलं नाही. बोर्डात दुसऱ्या आलेल्या पोराला ‘पहिल्या सातांतल्या बाकीच्यांबरोबर पुन्हा पेपर दे’ म्हणावं, तसला हा न्याय.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. नोकरीपायी नॉटिंगहॅमला आलो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ओरडायची सवय असलेल्या माणसाला या गावात दोन पर्याय होते. ट्रेंट नदीच्या एका काठाला नामवंत फॉरेस्ट, दुसऱ्या काठाला काउंटी. दोन्ही मैदानांत चालत जायचं म्हटलं तरी काही मिनिटांचंच अंतर. काउंटीचं तिकीट स्वस्त, म्हणून मी काउंटीचा झालो. उगाच निष्ठा वगैरे म्हणत नाही.

पण क्लब जुना, १८६२ चा. जगातला सगळ्यात जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब म्हणून त्याला मान आहे. युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टेसुद्धा १९०३ साली इथूनच इटलीत गेले. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक, आणि २०१९ मध्ये तोच त्या लीगमधून खाली घसरला.

इंग्लंडमध्ये फुटबॉलला पायऱ्या आहेत. वर प्रीमियर लीग, तिच्याखाली आणखी तीन विभाग. तिथवर ९२ क्लब होतात. पाचव्या पायरीला नॅशनल लीग. तिथं २४ संघ आणि वर जायच्या जागा दोनच. पहिला थेट जातो. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा संघ उरलेल्या एका जागेसाठी बाद पद्धतीने झगडतात. यालाच प्ले-ऑफ म्हणतात, आणि त्याची फायनल वेम्बलीला. दुसऱ्या-तिसऱ्याला सवलत एवढीच, की ते थेट सेमीफायनलला, तीही घरच्या मैदानावर. चौथ्या पायरीवर हेच गणित बघा : तिघं थेट वर, एक प्ले-ऑफमधून.

त्या वर्षी पहिला आला रेक्सहॅम, हॉलिवूडच्या दोन नटांनी विकत घेतलेला वेल्सचा क्लब. गुण १११. एप्रिलमध्ये दोघांची गाठ पडली. रेक्सहॅम ३-२ ने पुढे आणि अगदी शेवटी काउंटीला पेनल्टी मिळाली. सेड्विन स्कॉटने मारली, बेन फॉस्टरने अडवली. स्कॉटचं नाव लक्षात ठेवा.

प्ले-ऑफ म्हटलं की आमच्या स्टँडमधल्या जुन्या मंडळींच्या पोटात गोळाच येई. २०२० ची फायनल हॅरोगेटविरुद्ध गेली, २०२१ ला टॉर्कीने घालवलं, २०२२ ला ग्रिम्सबीने जादा वेळेत. या खेपेला सेमीफायनलमध्येही बोरहॅम वुडविरुद्ध ०-२ ने मागे पडलो. जोडी जोन्सचा विजयी गोल आला तो १२० व्या मिनिटाला.

मग १३ मे. समोर चेस्टरफील्ड. लीगमध्ये तिसरा, पण काउंटीपेक्षा २३ गुणांनी मागे. नव्वद हजारांच्या वेम्बलीत प्रेक्षक अडतीस हजारांच्या घरात, म्हणजे अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. आवाज मात्र कमी नव्हता. सुरुवातीलाच आमचा गोली स्लोकोंबने फॉरवर्डला पाडलं, पेनल्टी, ०-१. नंतर बॉल आमच्याकडे, गोल मात्र होईना. ८७ व्या मिनिटाला बॉस्टॉकने लांबून फ्री किक घेतली. त्यांचा गोली क्रॉसच्या अंदाजाने एक पाऊल सरकला आणि बॉल त्याच्या बाजूच्या कोपऱ्यातून आत. जादा वेळेत चेस्टरफील्ड पुन्हा पुढे, रॉड्रिगेसने पुन्हा बरोबरी, २-२.

टायब्रेकरच्या तोंडावर कोच ल्यूक विल्यम्सने गोली बदलला. दोन तासांहून जास्त वेळ बाकावर बसलेला आर्ची मेर आत आला. वय बावीस, तोही नॉर्विचकडून उसना घेतलेला. अंगात घाम नाही, हातमोजे कोरडे. शेजारचा आजोबा डोकं धरून बसला. पेठेत असं कुणी केलं असतं तर कोचला घरापर्यंत पोचवायला पोलीस लागले असते. मेरने दोन अडवल्या. शेवटची पेनल्टी मारायला कोण आला? स्कॉट. या खेपेला जाळ्यात. ४-३.

आता लोक म्हणतात, बघा, न्याय झाला. मला ते पटत नाही. मेरचा हात वीतभर चुकला असता तर १०७ गुणांचा संघ पाचव्या पायरीवरच राहिला असता. प्ले-ऑफला माझा विरोध नाही. १९८७ पासून त्यामुळेच मधल्या फळीतल्या संघांचा एप्रिल जिवंत राहतो, आणि आदल्या वर्षी नदीपलीकडचा फॉरेस्टही याच वाटेने प्रीमियर लीगमध्ये पोचला. खोट जागांच्या मोजणीत आहे. वरचे क्लब आपल्या खुर्च्या सोडायला तयार नसतात, कारण खाली गेलं की लीगकडून येणारा पैसा आटतो. २०२५ साली नॅशनल लीगच्या क्लबांनी तिसऱ्या जागेसाठी मोहीम उघडली, ती याचसाठी.

चेस्टरफील्डचं काय झालं? पुढच्याच मोसमात ते पहिले आले. प्ले-ऑफच्या वाटेलाच गेले नाहीत.