संचालक मंडळाची जात

हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर’ला २००८ साली उत्तम कंपनी कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्याच अध्यक्षाने, रामलिंग राजूने, हजारो कोटींचे हिशेब खोटे असल्याचे पत्र लिहून कबूल केले. मग संचालक मंडळावर बाहेरची नामांकित माणसे नव्हती काय? होती! हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. आणि याच मंडळाने तीन आठवडे आधी राजू कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घेण्याला मंजुरी दिली होती.

मेयर आणि रोवन या अभ्यासकांनी १९७७ साली संस्थांविषयी एक सिद्धान्त मांडला. समाजात मान मिळावा म्हणून संस्था नियमांचा देखावा उभा करतात, प्रत्यक्ष कारभार मात्र निराळाच चालतो. आंबेडकरी माणसाला हे नवे नाही. घटनेचे स्वरूप न बदलता, केवळ कारभाराची पद्धत बदलून घटना निष्फळ करता येते, हा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच संविधान सभेत दिला होता.

‘सत्यम’नंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. कलम १४९ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. प्रवर्तकाचा नातेवाईक चालत नाही. पण नातेवाईक म्हणजे कोण? पत्नी, आईबाप, मुले, सुना, जावई, भाऊबहीण. जातभाई त्यात बसत नाही! आणि खरी निवड होते ती तिथेच: त्याच क्लबात, त्याच कॉलेजात, त्याच सोयरिकीत. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त हजार मोठ्या कंपन्यांचा अभ्यास छापून आला. संचालकांपैकी ९३ टक्के उच्चवर्णीय; अनुसूचित जाती-जमाती मिळून अवघे साडेतीन टक्के. ज्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, ते सगळे एकाच पंगतीतले.

‘शेटजींच्या कंपनीशी आपला काय संबंध?’ असे कार्यकर्ते मला विचारतात. संबंध आहे. कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतला पैसा २०१५ पासून शेअर बाजारात जातो. एलआयसीत आपलाही हप्ता आहे.

महिला संचालकाच्या जागी मालकांनी बायका-मुली बसवल्या, तेव्हा सेबीने २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. म्हणजे इच्छा असली की पळवाट बुजते. मंडळावर महिला किती, हे आज वार्षिक अहवालात द्यावे लागते. त्याच तक्त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचा रकाना घाला, एवढेच आमचे पहिले मागणे आहे.