मुळशीत अटक झाली, तर नोंद कुठे शोधायची?

जुलै 2024 मध्ये पौड पोलिसांनी एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या आईला महाडहून अटक केली. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याच्या आरोपाचे ते प्रकरण. पौडच्या न्यायालयात किती दिवसांची कोठडी मिळाली हे राज्यभर लगेच कळले. त्याच ठाण्याच्या हद्दीतल्या वाडीवरून एखाद्या कातकरी किंवा बौद्ध पोराला उचलले, तर त्याच्या आईला रात्रभर इतकेच ठाऊक असते, की गाडी आली होती आणि पोराला घेऊन गेली. अटकेची माहिती कळायला टीव्हीवर यावे लागत नाही. ती उघड ठेवणे हे पोलिसांवर कायद्याने घातलेले काम आहे. आपण ती मागत नाही, म्हणून ते काम राहून जाते.

पहिला घोळ हद्दीचा. मुळशी तालुका म्हणजे पौड पोलीस ठाणे, असे आपण धरून चालतो. पण पुणे जिल्ह्यात पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड अशी तीन पोलीस दले आहेत. पौड ठाणे पुणे ग्रामीणचे, त्याच्या अधीक्षकांचे कार्यालय पुण्यात पाषाण रोडला. हिंजवडी, माण ही गावे मुळशी तालुक्यातली असली, तरी पोलिसांच्या हिशेबात ती 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात. शिवाय उचलणारे स्थानिक गुन्हे शाखेचे असले, तर ठाण्यात ‘आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते कधी कधी खरेही असते. अशा वेळी ठाण्याच्या दारात बसून राहू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा.

हा कक्ष कशासाठी आहे, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पासून ही संहिता लागू झाली. जिल्ह्याला नियंत्रण कक्ष हवा आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक नेमून दिलेला अधिकारी हवा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप त्याने सांभाळायचे आणि ते ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे. डिजिटल स्वरूपातही लावता येते. म्हणजे ‘यादी दाखवता का?’ अशी विनंती करायची नाही. ‘कलम 37 चा फलक कुठे आहे आणि नेमलेले अधिकारी कोण?’ असा प्रश्न विचारायचा. माझा अनुभव असा, की कलमाचा आकडा उच्चारला की ठाणे अंमलदाराच्या बोलण्यात फरक पडतो.

दुसरी नोंद लोकांना फारशी माहीत नसते. कलम 48 नुसार अटकेची खबर नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला द्यावी लागते आणि कोणाला खबर दिली, हे ठाण्यातल्या वहीत लिहावे लागते. ‘घरच्यांना कळवले होते’ असे पोलीस म्हणाले, तर कोणाला आणि किती वाजता, हे त्या वहीवरून सांगता आले पाहिजे. कलम 36 खालच्या अटकेच्या पत्रकावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. सही करायला बोलावले, तर आधी तारीख आणि वेळ वाचा. रात्री नऊला नेलेला मुलगा कागदावर सकाळी सहाला अटक झालेला दिसला, तर चोवीस तासांचे घड्याळच नऊ तास उशिरा सुरू होते.

हे चोवीस तास संविधानाच्या अनुच्छेद 22 मधले आहेत. प्रवासाचा वेळ वगळून तेवढ्या अवधीत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, अटकेचे कारण सांगणे, पसंतीचा वकील मिळणे, या गोष्टी त्यात आहेत. 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत हे कलम 15-अ म्हणून मांडले. आजच्या अनुच्छेद 21 मध्ये ‘कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया’ एवढेच शब्द राहिल्याने जी कसर राहिली होती, ती भरून काढण्यासाठी ते आणले गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली. अटकेची कारणे लेखी द्यायची आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची. आपल्याकडे ती मराठीतच मागा.

‘अटक नाही, चौकशीला बसवलेय’ या वाक्याला मात्र फसू नका. अटक नसेल तर त्याला उठून घरी जाता आले पाहिजे. कलम 35(3) ची नोटीस दिली असेल तर तिची प्रत घ्या.

घरबसल्या काय सापडते? 2016 च्या यूथ बार असोसिएशन निकालानुसार एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. दुर्गम भागात फार तर 72 तास. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ मध्ये पुणे ग्रामीण, पौड आणि तारखा निवडून शोधता येते. लैंगिक गुन्हे, पोक्सो आणि दहशतवादासारखे संवेदनशील गुन्हे तिथे नसतात. गुन्हा रजिस्टर नंबर हाती आला, की ई-कोर्ट्सवर त्यावरून खटला शोधता येतो. पौडच्या न्यायालयात नाही दिसला, तर शिवाजीनगरचे सत्र न्यायालय पाहा.

फिर्यादी आपला असेल, तर प्रश्न उलटा असतो: आरोपीला अटक झाली का? अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात हे गावात चहाच्या टपरीवर कळते, फिर्यादीला कळत नाही. कायद्याच्या कलम 15-अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची नोटीस पीडिताला मिळाली पाहिजे. ती बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी खटल्यात 2021 मध्ये स्पष्ट केले. नोटीस न देता जामीन झाला असेल, तर ते वरच्या न्यायालयात मांडण्याजोगे कारण आहे. अटकेनंतर तपास कुठवर आला, हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवणेही संहितेच्या कलम 193 ने पोलिसांवर टाकले आहे.

अमेरिकेत बऱ्याच काउंटींचे शेरीफ कोठडीतल्यांची यादी फोटोसह टाकतात. ते फोटो उचलून, काढून टाकण्यासाठी पैसे उकळणारी संकेतस्थळे तिथे निघाली. आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुकटात करतात. फलकावरचे नाव म्हणजे आरोपी, गुन्हेगार नव्हे. पारधी किंवा कातकरी तरुणाचे नाव एकदा फिरले, की निर्दोष सुटल्याची बातमी कोणी फिरवत नाही. फलकाचा फोटो कुटुंबाला आणि वकिलाला पाठवा, तेवढे पुरे. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणे तर बाल न्याय कायद्याने गुन्हाच आहे.

वकिलासाठी पैसे नसतील, तर 15100 वर फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्यात फलकच नसेल, तर माहिती अधिकारात विचारा: कलम 37 खाली नेमलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम काय आणि फलक कुठे लावला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तराला एरवी 30 दिवस, पण कोणी कोठडीत असेल तर अर्जावर ‘व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित, कलम 7(1)’ असे वरच लिहा. मग मुदत 48 तासांची होते.