जामीन मिळाला, पुढे काय?

जामिनावर सुटलेल्या आरोपीने पुन्हा गुन्हा केला, की राजधानीत ठरलेला वाद सुरू होतो. पोलीस न्यायालयाकडे बोट दाखवतात, न्यायालय तपासातील ढिलाईकडे आणि राजकीय पक्ष कायद्याकडे. त्यातून बहुधा एकच मागणी निघते : जामीन आणखी कठीण करा.

या वाटेवर महाराष्ट्र आघाडीवर होता. संघटित गुन्हेगारीविरोधी १९९९ चा राज्याचा कायदा (मुंबईचा ‘मोक्का’ २००२ मध्ये दिल्लीला लागू झाला आणि येथे ‘मकोका’ झाला) जामिनासाठी दोन अटी घालतो. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास सबळ कारण हवे आणि सुटल्यावर तो गुन्हा करण्याची शक्यता नाही, याचीही न्यायाधीशांना खात्री पटावी लागते. थोडक्यात, न्यायाधीशांनी भविष्यही सांगायचे! नवा गुन्हा घडला त्या दिवशी आरोपी अन्य कोणत्याही कायद्याखाली जामिनावर असेल, तर त्याला जामीनच नाही, असेही कलम २१(५) म्हणत होते. त्यातील ‘अन्य कोणत्याही कायद्याखाली’ हा भाग २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच विचार वेगळ्या रूपाने आला आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की त्याची सुटका करावी, असे कलम ४७९ सांगते. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. ही तरतूद उदारच आहे. मात्र एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही. शब्दशः वाचल्यास, एकाच घटनेत दोन गुन्ह्यांची कलमे लागली तरी दार बंद! सराईताला रोखण्यासाठी घातलेला अडसर असा नवख्याच्याही वाट्याला येऊ शकतो. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांचे वजन कळते.

जामीन द्यावा की नाही, यावर एवढा खल होतो. सुटलेल्या माणसावर लक्ष कोणी ठेवायचे, हे मात्र सांगितले जात नाही. १९५८ च्या कायद्याने नेमलेला परिवीक्षा अधिकारी दोषी ठरलेल्यांसाठी आहे, जामिनावरील आरोपींसाठी नाही. त्यांच्यासाठी उरते ती ठाण्यातील हजेरी. २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी आरोपीच्या पायात जीपीएस यंत्र बसवून पाहिले. पण दिल्लीच्या एका अमली पदार्थ प्रकरणात आरोपीने मोबाइलवरून आपला ठावठिकाणा कळवत राहण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर अखंड पाळत ठेवणे खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने बजावले.

परप्रांतात राबणाऱ्याची अडचण निराळीच. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या भावाची हमी केवळ तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. २०२३ च्या केंद्रीय योजनेतून गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी सुरुवातीच्या नियमांनुसार ४० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. सुटकेनंतरच्या देखरेखीसाठी किंवा त्याला काम मिळवून देण्यासाठी या योजनेत तरतूद नाही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो तो काळ मात्र तेथूनच सुरू होतो.